दूधकट्ट्यावरची फीत

सातवी मेंढी एल्नाच्या गुडघ्यांत आवळलेली होती आणि तिचा मागचा डावा खूर अजून तासायचा राहिला होता, तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. एल्नाने मान वर केली नाही. ओल्या ऑक्टोबरात खुरांत चिखल भरतो, बोटांमधली कातडी कुजते, आणि अर्धवट तासलेली मेंढी एकदा सुटली की पुन्हा हाती लागत नाही. गोठ्याच्या दारात आधी सिक्स्टनची टोपी दिसली, मग सिक्स्टन. त्याच्यामागे रस्ते खात्याची एक तरुण बाई होती, काखेत नकाशाची गुंडाळी.

"सोड तिला एल्ना," सिक्स्टन म्हणाला. "आज काही नाचायला जायचं नाही तिला. कॉफी टाक, पाहुणी आणलीय."

"एवढा एक पाय राहिलाय."

"मेंढीचा की तुझा?"

एल्ना हसली आणि कात्री चालवत राहिली. सिक्स्टनचे शेत चढाच्या वर, शेजारचेच. तो आणि एल्नाचा नवरा हेल्मेर शाळेत एका बाकावर बसले होते आणि पुढे साठ वर्षे एकाच जंगलात शिकारीला गेले. रस्त्यावर गाडीने हरीण किंवा मूस, ते घोड्याएवढे उंच रानहरीण, उडवले आणि ते जखमी होऊन जंगलात पळाले, की पोलिस फोन करत; मग कुत्रा घेऊन माग काढायचा, जनावर शोधायचे आणि त्याचे हाल संपवायचे. एकोणीस वर्षे हे काम हेल्मेरने केले. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि काम सिक्स्टनकडे आले.

स्वयंपाकघरात त्या बाईने, तिचे नाव यूडिट, टेबलावर नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर साखरेचे भांडे ठेवले, दुसऱ्यावर एल्नाचे प्रार्थनेचे पुस्तक. पुस्तक उचलून एल्नाने तिथे पावाची फळी ठेवली.

"हा तुमचा रस्ता," यूडिट म्हणाली. "हे तळं. ही तुझी वाडी, ब्रेन्नान. आणि हे लाल ठिपके म्हणजे गाडीखाली आलेली जनावरं. मूस, हरणं, एक अस्वलाचं पिल्लूसुद्धा. बघ, तुझ्या दारात केवढी गर्दी झालीय."

एल्नाने चष्मा लावला. ब्रेन्नानच्या नावावर लाल ठिपके एकमेकांवर चढले होते, नाव वाचता येत नव्हते.

"म्हणून कुंपण इथे," यूडिटने बोट फिरवले. "रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जाळी, दीड पुरुष उंच. मूस उडी मारू शकत नाही एवढी. वर सिक्स्टनच्या शेतापासून खाली इथपर्यंत."

"पण एवढी जनावरं इथे..." एल्ना थांबली.

"मलाही आधी शंका आली होती. पोलिसांच्या नोंदींवर आम्ही विसंबत नाही. माणूस जिथून फोन करतो तिथलं नाव सांगतो. पण सिक्स्टनने मला ही दिली." यूडिटने पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. "तारीख, वेळ, जनावर, जागा. एकोणीस वर्षं, एक ओळ चुकलेली नाही. असं अक्षर आमच्या ऑफिसात कुणाचं नाही."

"हेल्मेर बोलायला कंजूष," सिक्स्टन म्हणाला. "पण लिहायचा बघ! पाद्र्यानं लाजावं. यातलं एक पान आम्ही चौकटीत घालून शिकारी क्लबात लावणार आहोत. त्याच्या बंदुकीखाली."

एल्ना कॉफी ओतायला उठली.

वहीतले अक्षर तिचे होते.

हेल्मेरला लिहिता येत नव्हते. वाचताही येत नव्हते. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी हलत. शाळेत मास्तरांनी त्याला मठ्ठ म्हणून मागे बसवले आणि तो मागेच बसून राहिला. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात एल्नाने त्याला सही शिकवली, चित्र शिकवावे तशी: इथून वर जा, इथे वळण घे, इथे थांब. रोज सकाळी कॉफीच्या आधी ती त्या दिवसाचे वचन मोठ्याने वाचे, तसा तिचा नेम होता. गाव म्हणे, काय भाविक जोडपे आहे, नवरा कसा डोळे मिटून ऐकतो. तेही खोटे नव्हते. पण वर्तमानपत्रही ती तसेच मोठ्याने वाचे आणि क्लबाची नियमपत्रकेही. वार्षिक सभेत हेल्मेर हातात कागद धरून नियम म्हणे. आदल्या संध्याकाळी तिने ते तीनदा वाचलेले असत. पोलिसांचे काम आले तेव्हा तो नको म्हणाला होता. एल्ना म्हणाली होती, "तू चाल. मी लिहिते."

फोन स्वयंपाकघरात होता. वाजला की ती विचारी, फीत कुठे बांधलीय? ज्याच्या गाडीने जनावर उडवले त्याने जागेवर खूण बांधून ठेवायची, तसा कायदाच आहे. लाल-पिवळी फीत, ती नसली तर रुमाल, नाहीतर प्लास्टिकची पिशवी. आणि फीत बहुतेक वेळा असायची ब्रेन्नानच्या दूधकट्ट्यावर. पूर्वी दुधाच्या गाडीसाठी कॅन ठेवायचे तो रस्त्याकडेचा लाकडी कट्टा. दूध जायचे बंद होऊन तीस वर्षे झाली तरी कट्टा उभा होता. खाली थंड्या ओढ्याजवळ रस्ता दलदल आणि तळे यांच्या मधून खोलात उतरतो. तिथे फोन लागत नाही, गाडी उभी करायला जागा नाही. हादरलेला माणूस चढ चढून पहिल्या उजेडाकडे येई. पहिला उजेड ब्रेन्नानचा. कट्ट्याला फीत बांधून तो तिथून फोन करी आणि एल्ना 'जागा' या रकान्यात लिही: ब्रेन्नान, दूधकट्टा.

हेल्मेर त्या माणसाला घेऊन खाली जाई. परत आल्यावर बूट काढता काढता सांगे, "ओढ्यावर, पुन्हा. मादी होती. पोटात होतं." एल्ना हात जोडून दोन शब्द पुटपुटे, बुटांचा काळा चिखल धुई आणि वही मिटून ठेवी. रकाना भरलेला असे. वही कुणी कधी वाचील हेच तिच्या मनात आले नव्हते. हेल्मेरने तर ती कधीच वाचली नव्हती.

"कुंपणाचं खालचं टोक कुठे येतं?" तिने विचारले.

"इथे. ओढ्याच्या पुलाच्या जरा अलीकडे."

"आणि जनावर कुंपणापाशी आलं तर काय करतं?"

"कडेकडेनं चालत राहतं, टोक सापडेपर्यंत. टोकाला वळसा घालून रस्ता ओलांडतं. सगळा कळप तिथेच उतरतो मग. म्हणून टोक नेहमी निवांत जागी ठेवायचं, जिथे फारसं काही होत नाही." यूडिटने नखाने नकाशावर टिचकी मारली. "ओढ्यावर तीनच ठिपके आहेत."

तेव्हाच बोलायला हवे होते. सिक्स्टन वही उघडून एकेक पान प्रेमाने उलटत होता, मोठा अंगठा जिभेला लावत. एल्ना म्हणाली, "साखर घेतेस का?"

पुढचे दोन दिवस तिने उरलेल्या पाच मेंढ्यांचे खूर तासले. कंबर रात्री सरळ होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी वचन वाचून झाले, पण त्यातला एक शब्दही तिला लागला नाही. पुस्तक मिटून ती तशीच, कॉफी न घेता, रस्त्याने खाली चालत गेली.

ओढ्यावर धुके होते. पुलाच्या दोन्ही अंगांना मुसांची वाट होती, गुरांच्या वाटेसारखी खोल, काळ्या चिखलात वीतभर रुतलेले दुभंगलेल्या खुरांचे ठसे. लोखंडी कठड्याला राखाडी केस चिकटले होते. खाली शेवाळात दिव्याची काच, जुनी, नवी, हिरवट, पिवळी. ती उभी असतानाच शाळेची बस गेली. तिच्या वाऱ्याने एल्नाचा रुमाल डोक्यावरून उडाला. काचेआडून एका मुलीने हात हलवला.

एल्ना रुमाल उचलायला वाकली आणि तशीच काही वेळ वाकून राहिली.

सभा गुरुवारी प्रार्थनाघराच्या दालनात होती. वीस-बावीस माणसे होती, दालचिनीचे पाव होते. यूडिटने नकाशा भिंतीवर टांगला. सगळे बोलून झाल्यावर एल्नाने हात वर केला. तिचा आवाज मुळातच लहान.

"कुंपण खाली हवं. ओढ्यावर."

"मोठ्यानं बोल एल्ना, तुझ्या मेंढ्यांनाच ऐकू गेलं ते," मागून कुणीतरी म्हणाले.

"ओढ्यावर हवं."

"असं होय! म्हणजे हिचं कुरण रस्त्याच्या पलीकडे, आणि हिच्या दारात जाळी नको," गिरणीवाला म्हणाला. "मेंढ्यांना फाटकातून न्यायचा कंटाळा आहे, एवढंच."

"फाटक मिळणार आहे तुला," यूडिट मऊपणे म्हणाली. "कुलपाचं. रोज उघडायचं आणि लावायचं."

"मेंढ्यांचं नाही म्हणत मी. जनावरं तिथे मरतात."

सिक्स्टन खुर्चीत वळला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू किती जनावरांचा माग काढलास ग आजवर? तुझ्या नवऱ्यानं एकोणीस वर्षं काढला. लिहून ठेवलाय. त्याच्या वहीपेक्षा तुला जास्त कळतं होय?"

लोक हसले. वाईट हसू नव्हते ते; थकलेल्या म्हाताऱ्या बाईला हसावे तसे होते. एल्नाचे ओठ उघडले. भिंतीवरच्या नकाशाशेजारी खुर्चीवर ती निळी वही होती, आणि ती ज्याची म्हणून सगळे ओळखत होते तो माणूस याच दालनात कागद हातात धरून उभा राहायचा, कपाळावर घाम, एक शब्द न चुकता. सभा संपून घरी आल्यावर तो कपडे न बदलता पलंगावर पडे आणि म्हणे, "सुटलो एल्ना. एक वर्ष सुटलो."

ती खाली बसली. कुणीतरी तिच्या बशीत आणखी एक पाव ठेवला.

नोव्हेंबरात ओला बर्फ आला. चारला अंधारून येई. त्या बुधवारी एल्ना गोठ्यात गवत टाकत होती, तर मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. अंगणातल्या दिव्याखाली रूना उभी होती. म्हाताऱ्यांच्या घरोघर जाऊन औषधे देणारी, अंघोळ घालणारी, जेवण गरम करून देणारी ही रूना. हेल्मेरच्या शेवटच्या चार महिन्यांत त्याला रोज उचलून बसवणारीही तीच. तिच्या केसांत काचेचे बारीक कण चमकत होते आणि उजवा हात खांद्यापासून भलताच लोंबत होता.

"बांधली ग फीत," ती म्हणाली. "डाव्या हातानं बांधली, पण घट्ट बांधली. फोन लागतच नव्हता."

"चालत आलीस? खालून?"

"गाडी पाण्यात आहे अर्धी. मूस माझ्या काचेवर आली, एल्ना. पूर्ण ती. तिचं नाक माझ्या मांडीवर होतं. गरम." तिचे दात वाजायला लागले. "मग उठली नि गेली."

एल्नाने तिला चुलीजवळ बसवले, घोंगडी पांघरली, फोन केले. गरम पाणी पाजताना कप तिने स्वतःच धरला. रुग्णवाहिकेला तालुक्याहून यायला पाऊण तास लागणार होता. सिक्स्टन दहा मिनिटांत आला. खिडकीतून एल्नाला त्याची विजेरी दूधकट्ट्याभोवती फिरताना दिसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. टास, त्याचा राखाडी कुत्रा, नाक वर करून नुसता उभा होता. एल्ना बाहेर गेली.

"इथे काहीच नाही," सिक्स्टन चिडून म्हणाला. "रक्त नाही, काच नाही, केस नाही. कुत्रा वास घेत नाही. ती बाई शुद्धीवर आहे का?"

"खाली जा. ओढ्यावर."

"फीत इथे आहे!"

"फीत नेहमी इथेच असते, सिक्स्टन."

त्याने विजेरी तिच्या तोंडावर धरली. मग कुत्र्याला गाडीत घातले आणि खाली गेला.

रूनाला नेल्यानंतर बऱ्याच वेळाने एक बार ऐकू आला. एकच. एल्नाने ओट्यावर हात टेकून मान खाली घातली आणि जे दोन शब्द ती नेहमी म्हणे ते म्हटले. सिक्स्टन परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत काळा चिखल होता. दारातच उभा राहिला.

"मादी. कंबर गेली होती, पुढच्या पायांवर ओढत गेली बिचारी, चारशे पावलं." त्याने नाक शिंकरले. "त्या पुलाखाली किती काच आहे पाहिलीस का तू? या वर्षाची नाही ती. मी गेली दोन वर्षं इथे चार-पाचदाच आलो, आणि दर वेळी वाटलं, या खेपेला फीत चुकलीय."

"आत ये. बूट असू देत."

"का ग, काय झालं?"

"वही मी लिहिलीय."

सिक्स्टनला काही समजले नाही. "म्हणजे तो सांगायचा आणि तू लिहायचीस. मग?"

"तो सांगायचा तोवर मी लिहून मोकळी झालेली असायची. फोनवरचा माणूस फीत कुठे सांगेल ते. हेल्मेर ओढ्यावर जाऊन यायचा, नि मी कट्टा लिहायची. त्याला कळायचं नाही. त्याला वाचता येत नव्हतं."

"चष्मा नसेल लावला त्यानं..."

"चष्मा नुसताच होता तो. साध्या काचेचा."

"क्लबात वाचायचा तो! दर वर्षी. मी समोर बसलेलो असायचो."

"पाठ करायचा. मी वाचून दाखवायची."

सिक्स्टनने टोपी काढली आणि पुन्हा घातली. चुलीतले लाकूड फुटले.

"एका बाकावर बसलो आम्ही," तो म्हणाला. "त्याच्या बापाच्या शवपेटीला खांदा दिला मी. त्यानं माझ्या थोरल्याला पोहायला शिकवलं. असं काही असतं तर मला माहीत नसतं?" त्याचा आवाज चढला. "मेल्या माणसाबद्दल असलं बोलवतं तरी कसं तुला? तुझी चूक झाकायला आता तो पाहिजे होय?"

"चूक माझीच आहे."

"हो, तुझीच!"

तो गेला. उंबऱ्यावर चिखलाचे दोन ठसे राहिले. एल्नाने ते लगेच पुसले नाहीत.

यूडिट शनिवारी आली, या वेळी एकटी. एल्नाने तिला सगळे सांगितले, भाकरीचे पीठ मळता मळता, कारण हात रिकामे असते तर जमले नसते. यूडिटने वही उघडून टेबलावर ठेवली. "दूधकट्ट्याच्या एक्केचाळीस नोंदी आहेत. आठवेल तुला?"

"एकेक वाच."

दुपारभर त्या बसल्या. यूडिट तारीख वाची आणि एल्ना डोळे मिटी. ही ओढ्यावरची, त्या दिवशी चिखल बुटांच्या आतपर्यंत गेला होता, दोन दिवस चुलीपाशी वाळवले. ही ओढ्यावरची, दोन पिल्ले होती, हेल्मेर जेवला नाही. ही खरोखर इथलीच, कट्ट्यासमोर, छोटे हरीण, मी स्वतः पाहिले. ही ओढ्यावरची. ही पण. जनावरांमागून जनावरे स्वयंपाकघरातून जात होती आणि प्रत्येकामागे हेल्मेर येत होता, ओला, दमलेला, बुटांच्या नाड्यांशी झटापट करणारा. यूडिट पेन्सिलीने ठिपके खाली हलवत होती.

एकोणतीस ओढ्याची निघाली. पाच इथली. सात एल्नाला आठवेनात.

"अंदाजानं सांग ना," यूडिट म्हणाली. "बहुतेक खालचीच असणार."

"नको. माहीत नाही असं लिही. न विचारता एकदा लिहून बसलेय मी."

यूडिटने तसे लिहिले. मग पेन्सिल खाली ठेवली. "एल्ना, वर कारण कळवावं लागेल. वही कुणी लिहिली, चूक कशी झाली. पण ते दुसरं... त्याला येत नव्हतं ते... ते मी वगळू शकते."

एल्नाने पिठाचा गोळा उलटा केला. बराच वेळ तो नुसता दाबत राहिली.

"वगळलंस तर ते विचारतील, एकोणीस वर्षं दर वेळी जागेवर जाणाऱ्या माणसानं वही वाचून चूक सुधारली कशी नाही. मग तो निष्काळजी ठरेल."

"हो. तसं म्हणतील."

"तो निष्काळजी नव्हता." एल्नाचा आवाज तेवढाच लहान होता. "लिही. त्याला वाचता येत नव्हतं. तो चालला, मी लिहिलं. चालण्यात त्याचं कधी चुकलं नाही, तेही लिही."

तो कागद कुठून कसा गेला कोण जाणे. नाताळापूर्वी गावाला सगळे माहीत होते. दुकानात एल्ना शिरली की बोलणे थांबे आणि मग हवापाण्यावर सुरू होई. गिरणीवाल्याची बायको म्हणाली, "आमच्या सभेत उभा राहून वाचायचा ग! आणि आम्ही टाळ्या वाजवायचो." क्लबाच्या भिंतीवर बंदुकीखाली काहीच लागले नाही. पाद्री मात्र घरी आला, पण तो नवीन होता, हेल्मेरला त्याने पाहिलेसुद्धा नव्हते. चांगलेचुंगले बोलला आणि गेला.

सिक्स्टन येईना. बर्फ पडला की तो पूर्वीसारखाच पहाटे ट्रॅक्टर घेऊन तिच्या वाटेवरचा बर्फ काढी, गोठ्याच्या दारापर्यंत नीट. पण खाली उतरत नसे. पहिल्या दोन खेपांना एल्नाने कॉफी टाकून कप बाहेर काढले होते. ट्रॅक्टर अंगणात वळला, दिवे खिडकीवरून फिरले, आणि गेला. ती खिडकीशी उभी राहून लाल दिवे चढावर दिसेनासे होईपर्यंत बघे. मग वचन वाची, मोठ्याने, नेमाप्रमाणे. रिकाम्या घरात आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटू लागला. मार्चमध्ये मेंढ्या व्यायल्या. एक कोकरू पाय अडकून अर्धेच बाहेर आले. दोन तास हात घालून तिने ते ओढले, आणि ते जगले. सांगायला कुणी नव्हते. तिने ते मेंढीलाच सांगितले.

मे महिन्यात बर्च झाडांना पालवी फुटली तेव्हा रस्ते खात्याची माणसे ओढ्यावर आली. कुंपण तिथे येणार होते, दोन्ही बाजूंनी. शिवाय पूल रुंद करून पाण्याच्या कडेने कोरडी वाट सोडणार होते, जनावरांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून. रूना, खांदा बरा झालेली, गाडी थांबवून हे एल्नाला सांगून गेली. एल्ना बूट घालून खाली चालत गेली. का, ते तिला स्वतःलाही सांगता आले नसते.

यूडिट ओढ्यापलीकडे मोजणीच्या यंत्राला डोळा लावून उभी होती. तिने हात केला. अलीकडे दलदलीत सिक्स्टन खुंट्या मारत होता. दलदलीची ही जमीनही त्याचीच, मुसांच्या वाटा त्याला ठाऊक, म्हणून त्याला बोलावले असावे. एल्ना जवळ आली तरी त्याने वर पाहिले नाही. खुंटी चिखलात नीट राहात नव्हती. तो एक घाव घाली, ती कलंडे, तो शिवी घालून सरळ करी, पुन्हा घाव घाली.

एल्ना चिखलात उतरली, वाकली आणि खुंटी दोन्ही हातांनी धरली.

सिक्स्टन थांबला. मोगरी खांद्यावरच राहिली.

"बोटं सांभाळ," तो म्हणाला.

खुंटी गेली. दुसरी गेली. तिसरीला खाली मूळ लागले, जागा बदलावी लागली. थंड पाणी एल्नाच्या बुटांत शिरले. कोकीळ तळ्यापलीकडे ओरडत होती आणि वरून एखादी गाडी गेली की पूल थरथरे. चौथ्या खुंटीवर सिक्स्टनने मोगरी उचललीच नाही.

"मला का नाही सांगितलं त्यानं?" त्याने विचारले. तो यूडिटकडे बघत होता, एल्नाकडे नाही.

एल्नाने खुंटी सोडली नाही. "तू हसशील म्हणायचा."

पाणी दगडांवरून वाहत होते. सिक्स्टनने बाहीने तोंड पुसले, मग डोळे, मग पुन्हा तोंड. त्याच्या गालावर काळा पट्टा उमटला.

"हसलो असतो," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, "हो. हसलोच असतो मी."

त्याने मोगरी उचलली.

"सरळ धर," तो म्हणाला. तिने सरळ धरली.